पुसला न जाणारा अनुस्वार

पत्र : मी सांगलीत घरूनच पुस्तके आणि नियतकालिके यांच्या मांडणीचे काम करते. सध्या दोन दिवाळी अंकांची पाने हातात आहेत. जुना 19 इंची मॉनिटर डोळ्यांना पुरेनासा झाला, म्हणून बरेच महिने पैसे बाजूला टाकून ऑनलाइन 27 इंची, क्यूएचडी (2560 गुणिले 1440 ठिपक्यांचा), आयपीएस नावाच्या एलसीडी प्रकारच्या पॅनेलचा मॉनिटर 21,500 रुपयांना घेतला. दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या पानावर, पडद्याच्या मध्यापासून थोडा वर, एक काळा ठिपका दिसला. तो पुसून जात नाही. त्याच्याखाली मजकूर सरकला की ‘गाव’चे ‘गांव’ झाल्यासारखे वाटते. शिवाय रात्री दिवा बंद केला की डाव्या खालच्या कोपऱ्यात पिवळसर उजेड दिसतो. सात दिवसांत सदोष वस्तू बदलून मिळेल असे ऑर्डरच्या पानावर लिहिले आहे. आज चौथा दिवस. कस्टमर केअरवाले म्हणतात की एक ठिपका कंपनीच्या नियमाप्रमाणे दोषात धरत नाहीत. घरचे म्हणतात, एवढ्याशा ठिपक्यासाठी कशाला खटाटोप, बदलून आलेला याहून वाईट निघाला तर काय करशील? मी उगाच चिकित्सा करते आहे का? मॉनिटर ठेवू की परत करू?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या हातात तीनच दिवस उरले आहेत, म्हणून आधी निर्णय सांगतो आणि कारणे नंतर. ठिपक्यासाठी मॉनिटर बदलून घ्या. कोपऱ्यातल्या उजेडासाठी मात्र घेऊ नका. बदलीची विनंती आज रात्री झोपण्यापूर्वी नोंदवा, कारण बहुतेक ठिकाणी नोंदवलेली विनंती मागे घेता येते, पण मुदत उलटल्यावर नव्याने नोंदवता येत नाही. आणि तुम्ही उगाच चिकित्सा करत नाही आहात, हे मी अगदी मनापासून सांगतो. तुमच्या पत्रातले ‘गाव’ आणि ‘गांव’ हे एक उदाहरणच या निर्णयाला पुरेसे आहे.

ते उदाहरण थोडे पुढे नेऊन पाहू. पडद्यावरचे चित्र ज्या बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनते, त्यांतला एक, म्हणजे एक पिक्सेल, तुमच्या पडद्यावर साधारण 0.23 मिलिमीटरचा आहे. बारा पॉइंटचा मजकूर मूळ आकारात पाहिला तर त्यातला अनुस्वार जेमतेम दोन पिक्सेलांचा असतो, आणि समोरासमोरची दोन पाने एकदम दिसावीत म्हणून तुम्ही पान लहान केले की तो जवळपास एका पिक्सेलावर येतो. म्हणजे तुमच्या पडद्यावरचा काळा पिक्सेल आणि छापला जाणारा अनुस्वार यांच्या आकारात, वाचताना डोळ्याला पकडता येईल असा फरक उरतच नाही. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. तेव्हापासून ‘गांव’, ‘नांव’, ‘कुठें’ असे काही दिसले की मुद्रितवाचकाचा हात आपोआप थांबतो. तो उगाच थांबला तर दोन सेकंद जातात, एवढेच. खरा धोका याच्या उलट बाजूला आहे. मूळ फाइलमध्ये चुकून ‘त्याना’ किंवा ‘मुलानी’ पडले असेल आणि तो शब्द नेमका ठिपक्याखाली आला, तर पडदा तुम्हाला ‘त्यांना’ आणि ‘मुलांनी’ असे शुद्ध रूप दाखवील, तुम्ही पुढे जाल आणि छापखान्यातून चूक बाहेर येईल. हे रोज घडेल असे नाही. पण ज्या साधनावर तुम्ही मजकूर तपासता, त्यावर दिसणारा ठिपका मजकुरातला की काचेमागचा, हा प्रश्न पडताच कामा नये. चित्रपट पाहण्यासाठी किंवा महिन्याचे हिशेब करण्यासाठी घेतलेल्या मॉनिटरबद्दल कोणी असेच पत्र लिहिले असते, तर कदाचित मी वेगळे उत्तर दिले असते.

वेगळे उत्तर देण्याचा मला अनुभवही आहे. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या एका मॉनिटरच्या उजव्या कडेजवळ कायम पेटलेला लाल ठिपका निघाला. विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला, मीही फार ताणले नाही आणि तो मॉनिटर अनेक वर्षे वापरला. त्याची सवय झाली, पण ती माझ्या सोशिकपणामुळे नव्हे. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उपपिक्सेलांचा बनलेला असतो. पान पांढरे असते तेव्हा तिन्ही पेटलेले असतात, त्यामुळे कायम पेटून राहिलेला लाल उपपिक्सेल पांढऱ्या पानावर वेगळा दिसतच नाही; तो दिसतो काळ्या पार्श्वभूमीवर. माझे सगळे काम पांढऱ्या पानावर होते आणि ठिपका कडेला होता. तुमची स्थिती बरोबर याच्या विरुद्ध आहे. तुमचा पिक्सेल कायम विझलेला आहे, त्यामुळे तो पांढऱ्या पानावरच उठून दिसतो, आणि जागाही अशी की नजर दिवसभर तिथेच फिरते. ‘कशाला खटाटोप’, म्हणजेच ‘सवय होईल’, हा घरच्यांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण इथे ज्याची सवय व्हायला हवी तेच नेमके तुमच्या कामाला घातक आहे. मजकुरातल्या ठिपक्यांकडे दुर्लक्ष करण्याची सवय मुद्रितवाचकाने लावून घेऊ नये.

विनंती नोंदवण्याआधी तो पिक्सेलच आहे, धूळ नाही, याची खात्री करून घ्या. पडदा बंद करून चष्म्याच्या मऊ, कोरड्या कापडाने तेवढा भाग हलक्या हाताने पुसा. पाण्याचा फवारा किंवा काच पुसण्याचे द्रव वापरू नका. मग पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र लावून घरातल्या भिंगातून पाहा. मेलेला पिक्सेल चौकोनी आणि नेमक्या कडांचा दिसतो आणि शेजारच्या पिक्सेलांच्या रांगेत चपखल बसलेला असतो. पॅनेलच्या आत अडकलेला धुळीचा कण वेडावाकडा, कडेला पुसट असतो आणि बाजूने पाहिले की जागेवरून किंचित सरकल्यासारखा वाटतो. आत धूळ निघाली तरी तो नव्या वस्तूतला दोषच आहे आणि निर्णय बदलत नाही. फक्त तक्रारीत नेमका शब्द वापरता येतो. एक उपाय मात्र कृपा करून करू नका. ठिपक्यावर बोटाने किंवा पेन्सिलच्या मागच्या टोकाने दाबले की तो जातो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. एखाद्या रंगावर अडकलेला पिक्सेल वेगाने रंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने कधीकधी सुटतो, पण पूर्ण काळा पडलेला पिक्सेल सहसा परत येत नाही, आणि दाबल्यामुळे शेजारी नवा डाग पडला तर तो तुम्ही पाडलेला ठरेल.

आता कस्टमर केअरच्या म्हणण्याकडे वळू. ते सांगतात तसा नियम खरोखर असतो, आणि तो का आहे हे समजून घेतले तर त्यांच्याशी बोलणे सोपे जाईल. 2560 गुणिले 1440 म्हणजे तुमच्या पडद्यावर 36,86,400 पिक्सेल आहेत. उपपिक्सेल मोजले तर 1 कोटी 10 लाखांहून अधिक. त्यांतला प्रत्येक न् प्रत्येक चालू असलाच पाहिजे अशी अट घातली तर बरीच पॅनेल बाद करावी लागतील आणि उरलेली महाग होतील, म्हणून उद्योगाने सहनमर्यादा ठरवून घेतल्या. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 2001 च्या 13406-2 या मानकात दुसऱ्या श्रेणीच्या पडद्याला दर दहा लाख पिक्सेलांमागे दोन पूर्ण काळे पिक्सेल माफ होते. या हिशेबाने तुमच्या आकाराच्या पडद्यावर सात काळे ठिपके असले तरी तो त्या श्रेणीत बसला असता. पुढे 2008 मध्ये त्या मानकाची जागा आयएसओ 9241 मालिकेने घेतली, पण अमुक इतके ठिपके चालतील अशी श्रेणीवार मोजणी कायम राहिली, आणि बहुतेक कंपन्या स्वतःचे कोष्टक वॉरंटीच्या अटींत देतात. या कोष्टकांत उजळ ठिपक्याला काळ्यापेक्षा अधिक कडक वागणूक मिळते. डेल कंपनी अल्ट्राशार्प मालिकेतल्या मॉनिटरवर एकही उजळ पिक्सेल आढळला तरी पॅनेल बदलून देण्याची हमी देते, पण ती हमी उजळ पिक्सेलची असते. अंधारात चमकणारा ठिपका सर्वांना खुपतो आणि पांढऱ्यावरचा काळा फारसा कोणाला दिसत नाही, असे हे गणित आहे. दिवसभर पांढऱ्या पानावर मराठी वाचणारी व्यक्ती ते मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, आणि यात तुमचा काही दोष नाही.

मात्र कंपनीचे कोष्टक हा वॉरंटीचा भाग आहे. वर्ष-दोन वर्षांनी ठिपके पडू लागले आणि तुम्ही सर्व्हिस सेंटरला गेलात, तर ते कोष्टक पुढे येईल. तुम्ही आज जे मागत आहात ते विक्रेत्याने स्वतः देऊ केलेल्या सात दिवसांच्या बदलीखाली मागत आहात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि फोनवर त्यांची सरमिसळ केली जाते. ऑर्डरच्या पानावरच्या बदलीच्या अटी शांतपणे वाचून काढा. त्यांत पिक्सेलांची संख्या लिहिलेली नसेल, तर चॅटवर किंवा ईमेलने, म्हणजे लेखी राहील अशा रीतीने, कळवा की मी वॉरंटीचा दावा करत नसून बदलीच्या मुदतीत सदोष वस्तू परत करत आहे. कारणाच्या रकान्यात ‘आवडला नाही’ किंवा ‘आता नको’ असे काही निवडू नका. ‘सदोष वस्तू’ हेच निवडा आणि खाली एका वाक्यात लिहा की पडद्याच्या मजकुराच्या भागात कायम काळा राहणारा पिक्सेल आहे आणि त्यामुळे वाचनाच्या कामात चूक होते. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख वहीत टिपून ठेवा.

पुरावा आजच तयार करा, कारण माल पाहण्यासाठी माणूस आला तर तो दोन मिनिटांतच पाहून जाईल. पूर्ण पांढऱ्या चित्राची फाइल हाताशी ठेवा. ब्राइटनेस थोडा कमी करा, मोबाइल पडद्यापासून फूटभर अंतरावर धरून ठिपक्यावर फोकस करा आणि काचेला न टेकवता शेजारी पेन्सिलीचे टोक धरा, म्हणजे बघणाऱ्याला शोधत बसावे लागणार नाही. त्यानंतर न थांबवता एक व्हिडिओ घ्या, जो मागच्या बाजूच्या सिरियल नंबरच्या लेबलापासून सुरू होऊन ठिपक्यापर्यंत येईल. फोटो कोणत्याही मॉनिटरचा असू शकतो, अशी शंका मग कोणालाही घेता येणार नाही.

कायद्याची बाजूही सांगून ठेवतो, पण ती खिशात ठेवण्यासाठी, पहिल्याच फोनवर काढण्यासाठी नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आणि त्याखालचे 2020 चे ई-कॉमर्स नियम यांनुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. मॉनिटर कामासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू हा कायदा व्यापारी हेतूची मानत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. त्यापुढे जावे लागले तर राहत्या ठिकाणच्या, म्हणजे सांगलीच्या, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क पडत नाही. तरीही माझा आग्रह मुदतीतल्या बदलीवर आहे. कायद्यातली ‘दोषा’ची व्याख्या करारात ठरलेल्या दर्जाशी जोडलेली आहे, त्यामुळे कंपनी तिथे आपले कोष्टक पुढे करील, आणि एका पिक्सेलवरचा तो वाद तुमच्या दिवाळी अंकाच्या वेळापत्रकात बसणारा नाही.

कोपऱ्यातल्या उजेडाबद्दल माझे मत वेगळे का, तेही सांगतो. आयपीएस पॅनेल पूर्ण काळे दाखवते तेव्हा मागचा दिवा चालूच असतो आणि तिरक्या कोनातून त्याचा थोडा प्रकाश निसटतो. 27 इंची पडद्यासमोर आपण जवळ बसलो की चारही कोपरे डोळ्याला तिरकेच पडतात, म्हणून तिथे उजेड दिसतो. हा या जातीच्या पॅनेलचा स्वभाव आहे. तपासण्याची रीत सोपी आहे. आधी ब्राइटनेस तुम्ही काम करता तेवढा करा. छपाईच्या कामाला साधारण 80 ते 120 निट्स (निट हे पडद्याच्या उजळपणाचे एकक) पुरतात आणि नवा मॉनिटर खोक्यातून बाहेर येतो तो बहुधा याच्या दुपटीहून अधिक उजळ असतो. मग काळे चित्र लावा आणि खुर्ची चार-पाच फूट मागे घ्या, डोके डावीकडे-उजवीकडे न्या. उजेड हलला किंवा विरला तर तो कोनाचा परिणाम आहे आणि बदलून येणाऱ्या मॉनिटरमध्येही कमीअधिक असणारच. तो जागचा न हलता कडेपासून आत पाझरल्यासारखा दिसत राहिला, तर चौकट आणि पॅनेल नीट बसलेले नाहीत असे समजावे. यासाठी मोबाइलच्या फोटोवर विश्वास ठेवू नका. अंधारात कॅमेरा प्रकाश वाढवून घेतो आणि साधा उजेडही वणवा पेटल्यासारखा दिसतो. अशाच एका उजेडाच्या पायी मी एक मॉनिटर दोनदा बदलून घेतला होता. तिसऱ्याचा तो कोपरा बरा निघाला आणि समोरचा फिकट गुलाबी. तुमचे काम पांढऱ्या पानाचे आहे आणि रात्री दिवा बंद करून काळा पडदा पाहण्याची वेळ तुमच्यावर येत नाही, तेव्हा हा उजेड बदलीच्या कारणांत लिहूसुद्धा नका. दोन कारणे लिहिली की समोरचा माणूस त्यांतले कच्चे कारण धरून दोन्ही नाकारतो.

बदलून येणारा याहून वाईट निघेल ही घरच्यांची भीती मात्र खोटी नाही. पॅनेल कसे येईल यात नशिबाचा भाग असतोच. म्हणून नवा मॉनिटर येताच तपासण्याचे काम पहिल्या तासाभरात उरका. खोके उघडल्यापासून व्हिडिओ सुरू ठेवा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा आणि मधला राखाडी असे सहा पूर्ण रंग एकेक करून लावा आणि प्रत्येक रंगावर पडदा डावीकडून उजवीकडे, ओळी वाचतो तसा वाचून काढा. मुखपृष्ठाचे कामही करत असाल, तर राखाडी रंगावर अधिक वेळ द्या. त्यावर अर्धा पडदा पिवळसर आणि अर्धा निळसर दिसला, तर तो दोष एका ठिपक्यापेक्षा जास्त नुकसान करील. काळा रंग राखाडी, विटका वाटला तर घाईने पॅनेलला दोष देऊ नका. एचडीएमआयवर रंगांची व्याप्ती मर्यादित राहिली की असे होते आणि सेटिंगमध्ये ती ‘फुल’ केल्यावर जाते. शक्यतो सोबत आलेली डिस्प्लेपोर्ट केबलच वापरा. बदललेल्या मॉनिटरला पुन्हा सात दिवसांची मुदत लागू होते का, हे आजच्या चॅटमध्येच विचारून त्याचे उत्तर जपून ठेवा. दुसऱ्यातही मजकुराच्या जागी ठिपका निघाला तर तिसरा मागू नका, पैसे परत मागा आणि दुसरे मॉडेल घ्या. ठिपका अगदी कडेला, जिथे तुमची साधनपट्टी असते तिथे निघाला, तर मी तो ठेवून घेईन.

पाठवताना मॉनिटर पलंगावर स्वच्छ चादरीवर उताणा ठेवून स्टँड सोडवू नका. काच खाली येईल असा पालथा ठेवा, त्याखाली त्याच्याच खोक्यातला फोम घाला आणि उचलताना अंगठे काचेवर न टेकवता चौकटीच्या कडा धरा. केबल, पॉवर अ‍ॅडॉप्टर, स्क्रू, कागदपत्रे, सगळे मोजून परत ठेवा आणि खोके बंद करण्यापूर्वी एक फोटो काढा. एखादी केबल राहून गेली म्हणून परत आलेला माल अडवून ठेवला जातो, हे मी अनेक वाचकांच्या पत्रांत वाचले आहे.

मधल्या दिवसांत जुना 19 इंची मॉनिटर पुन्हा जोडा. तो लहान आहे आणि डोळ्यांना त्रास होईल, पण त्यावरचा प्रत्येक अनुस्वार खरा आहे. गेल्या चार दिवसांत दिवाळी अंकांची जी पाने तुम्ही नव्या पडद्यावर वाचून पुढे पाठवली, त्यांची यादी करा आणि छापखान्यात जाण्याआधी त्यांची एक कागदी प्रत काढून पुन्हा वाचा. पानाच्या कोणत्या ओळीवर तो ठिपका कधी येऊन बसला होता, हे आता सांगता येणार नाही, तेव्हा सगळीच पाने वाचा आणि ‘त्यांना’, ‘मुलांनी’, ‘लोकांचे’ अशा शब्दांवर थोडे अधिक थांबा.